घर, गाडी आणि घड्याळ : डोंबिवली या प्रवासी उपनगराचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या नागरी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने गिरण्या, बंदरे, बाजारपेठा आणि राजकीय चळवळी यांभोवती झाले आहे. मुंबईत काम करणारा आणि मुंबईबाहेर झोपणारा जो मोठा मध्यमवर्ग विसाव्या शतकात उदयास आला, त्याच्या वसतिस्थानांकडे इतिहासाभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. अशा वसतिस्थानांना 'झोपण्याची गावे' असे काहीशा उपहासाने म्हटले जाते. सकाळी रिकामे होणारे, रात्री भरणारे आणि मधल्या वेळी शांत असणारे गाव, एवढीच त्यांची ओळख मानली जाते. प्रस्तुत लेखात डोंबिवलीचे उदाहरण घेऊन या शांततेचा ऐतिहासिक उगम तपासण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, उपनगरातील शांतता ही स्थानाची नैसर्गिक देणगी नव्हती. ती प्रवासात खर्च केलेल्या वेळेच्या मोबदल्यात विकत घेतलेली होती, आणि तो मोबदला व तिचा लाभ यांची वाटणी कुटुंबातील सर्वांमध्ये सारखी झाली नाही.

लोहमार्ग आणि वस्ती

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढील वर्षी, १८५४ मध्ये, ठाण्याची खाडी ओलांडून लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. उल्हास नदीच्या खाडीकाठची डोंबिवली या मार्गावर आली. तथापि केवळ रूळ आल्याने उपनगर निर्माण झाले नाही. भातशेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी वस्त्यांचे जीवन त्यानंतरही दीर्घकाळ पूर्वीच्याच वळणाने चालू राहिले.

रोजच्या ये-जा करण्यास आवश्यक असलेला वेग आणि नियमितपणा विजेमुळे आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी सुरू झाली आणि १९३० पर्यंत मध्य मार्गावरील वीज कल्याणच्या पलीकडे पुणे व इगतपुरीपर्यंत पोहोचली. या विद्युतीकरणासाठी डोंबिवलीला लागून असलेल्या ठाकुर्ली येथे चोळा वीजगृह उभारले गेले. शहरापासून सुमारे ४८ किलोमीटर दूर राहून दररोज शहरात नोकरी करणे आता शक्य कोटीत आले. येथे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता गाडीच्या वेळेत मोजण्याची सवय लागली, ही बाब उपनगराच्या इतिहासात मूलभूत मानली पाहिजे.

जागेची टंचाई आणि मालकीचे घर

मुंबईतील जागेची टंचाई नवीन नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात नियोजित वसाहती आखल्या. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १९४० च्या पातळीशी बांधले. त्यामुळे जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्याचा उत्साह मावळला आणि रिकाम्या खोलीसाठी पागडी मोजणे ही रीत बनली. ज्याच्याजवळ पागडीची रक्कम नव्हती, पण महिन्याचा ठरावीक पगार होता, अशा कारकून, शिक्षक, बँक व विमा कर्मचारी यांच्यासाठी रेल्वेमार्गावर पुढे सरकणे हाच मार्ग उरला. प्रथम बैठ्या चाळी आणि नंतर तीन-चार मजली इमारती, असा डोंबिवलीच्या वाढीचा क्रम दिसतो.

१९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा कायदा यांनी या स्थलांतराला कायदेशीर चौकट दिली. गिरगाव किंवा दादर येथील एका खोलीत ज्याचे बालपण गेले, त्याला येथे दोन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी मिळाली. या व्यवहाराची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ज्या जमिनीवर ही घरे उभी राहिली, ती भातशेती भूमिपुत्रांच्या हातून गेली. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन होऊन डोंबिवली तिच्यात समाविष्ट झाली. त्यानंतर परिसरातील २७ गावे २००२ मध्ये तिच्यातून वगळण्यात आली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट करण्यात आली. उपनगर कोणाचे, हा प्रश्न शांत गल्ल्यांच्या सीमेवर सतत धगधगत होता, याचा हा पुरावा होय.

दिवसा रिकामे होणारे गाव

या घरांची खरी किंमत बांधकामाच्या दरात सापडत नाही. उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. घरापासून कचेरीपर्यंत जाण्यास दीड तास व परतण्यास दीड तास धरला, तर वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ९०० तास प्रवासात जातात. ३५ वर्षांच्या नोकरीत ही बेरीज ३१,५०० तासांची, म्हणजे रात्रंदिवस मिळून साडेतीन वर्षांहून अधिक काळाची होते. शहरात न परवडलेल्या दुसऱ्या खोलीचे हे भाडे होते. ते कोणत्याही पावतीवर लिहिले गेले नाही.

या वेळेने कुटुंबाची घडी बदलली. मुले उठण्यापूर्वी वडील निघत आणि ती झोपल्यावर परतत. दुपारच्या शांततेत घरी असत त्या गृहिणी, वृद्ध आणि शाळेतून आलेली मुले. पुढे स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीसाठी बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला प्रवास आणि स्वयंपाक ही दोन्ही कामे आली. महिलांच्या डब्यात परतीच्या वाटेवर भाजी निवडणारे हात हे केवळ गमतीचे दृश्य नाही. पुरुषाला गाडीत मिळणारी डुलकी स्त्रीला मिळत नव्हती, याचे ते चिन्ह आहे. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर सुरू झालेली महिला विशेष गाडी या बदलाची प्रशासनाने घेतलेली दखल म्हणता येईल.

गाडीने काही हिरावून घेतले, तसे काही दिलेही. ठरलेल्या गाडीचा ठरलेला डबा हा एक समाजच बनला. भजनी मंडळे, दसऱ्याला डब्याची पूजा, हळदीकुंकू, निवृत्त होणाऱ्या सहप्रवाशाचा निरोप समारंभ हे सर्व चालत्या गाडीत घडू लागले. शेजाऱ्यापेक्षा 'गाडीतला मित्र' अधिक जवळचा ठरावा, ही या जीवनपद्धतीची विशेष निर्मिती होय.

उरलेल्या वेळेतील सार्वजनिक जीवन

झोपण्याच्या गावाला सांस्कृतिक जीवन नसते, या समजाला डोंबिवलीचा इतिहास छेद देतो. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक येथे राहिले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली व तिचे अनुकरण पुढे महाराष्ट्रातील अनेक शहरांत झाले. २०१७ मध्ये ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. दिवाळीच्या पहाटे फडके मार्गावर जमणारी तरुणाई हीदेखील याच परंपरेतील आहे. या उपक्रमांच्या वेळा लक्षणीय आहेत : पहाट, रविवार, सणाची सुट्टी. आठवड्यातील सहा दिवस गाडीने घेतल्यावर जो वेळ उरला, त्यातून या नोकरदार समाजाने आपले गाव उभे केले.

शांततेची कसोटी

२०२० मध्ये या व्यवस्थेची अनपेक्षित परीक्षा झाली. मार्चच्या अखेरीस उपनगरी गाड्या बंद झाल्या. १५ जूनपासून त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. इतर नोकरदार डोंबिवलीत बसगाड्यांच्या लांबच लांब रांगांत उभे राहिले. लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवासाची मुभा मिळाली. मधल्या काळात गाव पूर्वीपेक्षा अधिक शांत होते, परंतु ती शांतता कोणालाही सुखाची वाटली नाही. गाडीवाचून उपनगराला अर्थ उरत नाही, हे त्या महिन्यांनी सिद्ध केले.

दीर्घकाळ रखडलेल्या ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या व सहाव्या मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. तरीही ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडले आणि त्यांपैकी चौघे त्याच दिवशी मृत्यू पावले. सकाळच्या गाडीत दारात उभे राहणे हा बेफिकिरीचा प्रकार मानला जातो. वस्तुतः आत पाऊल ठेवण्यास जागा नसणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. घरे वाढत गेली, त्या प्रमाणात गाड्या वाढल्या नाहीत. हा धोका प्रवाशांच्या सवयीत नसून नियोजनाच्या इतिहासात आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रवासी उपनगर हे शहराचे केवळ भौगोलिक विस्तारक्षेत्र नाही. ते वेळ आणि जागा यांच्या अदलाबदलीवर उभे असलेले सामाजिक रूप आहे. भाडे नियंत्रण, सदनिकांची मालकी आणि विजेची गाडी या तिन्हींनी मिळून ती अदलाबदल शक्य केली. तिचा लाभ म्हणजे स्वतःचे घर आणि शांत गल्ली हा डोळ्यांना दिसतो. तिची किंमत प्रवासात गेलेल्या आयुष्यात, स्त्रियांच्या दुहेरी श्रमात आणि भूमिपुत्रांच्या गेलेल्या शेतीत विखुरलेली असल्यामुळे ती सहजी दिसत नाही. मुंबईच्या इतिहासात या गावांचा उल्लेख प्रवासीसंख्येच्या तक्त्यापुरता न राहता, ज्यांच्या वेळेवर ते महानगर चालले त्यांचा इतिहास म्हणून होणे आवश्यक आहे. वांगणी-नेरळच्या दिशेने वस्ती आज आणखी पुढे सरकत असताना, नव्या घराच्या किमतीत प्रवासाचे तासही मोजले गेले पाहिजेत, एवढा बोध या इतिहासातून निश्चितच मिळतो.