प्रवाळभित्ती आणि समुद्रतळाचे भूकंपीय सर्वेक्षण : एका शब्दार्थाचा इतिहास

संस्कृतात ‘प्रवाल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कोवळा अंकुर, दुसरा पोवळे. ‘विद्रुम’ या पर्यायातही ‘द्रुम’ म्हणजे वृक्ष दडलेला आहे. पुढे मराठी व्यवहारात मात्र पोवळे हे नवरत्नांतील एक रत्न, अंगठीत बसवावयाचा खडा, एवढाच अर्थ प्रामुख्याने उरला. अंकुराचा खडा झाला. हा अर्थसंकोच केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय आहे असे कोणी समजू नये. प्रवाळ हा दगड मानावा, प्राणी मानावा की एक वसाहत मानावी, यावर गेल्या अर्धशतकात समुद्राच्या मोठ्या प्रदेशांचे भवितव्य अवलंबून राहिले आहे. त्याचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा येथे विचार आहे.

प्रथम सर्वेक्षणाच्या पद्धतीकडे पाहू. समुद्रतळाखाली तेल वा वायू आहे की काय, हे जाणण्यासाठी पाण्यात मोठा आवाज निर्माण करतात आणि खडकांच्या थरांवरून परतणारे त्याचे प्रतिध्वनी टिपून थरांची रचना ताडतात. आरंभी त्यासाठी सुरुंगाची दारू उडवीत असत. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून तिची जागा एअरगनने घेतली. जहाजामागून ओढल्या जाणाऱ्या नळकांड्यांतून दाबलेली हवा दर काही सेकंदांनी एकदम सोडली जाते आणि हे काम आठवडेच्या आठवडे अहोरात्र चालते. स्फोटकांच्या मानाने ही पद्धत सौम्य खरी. तथापि तिचा आवाज अनुकूल परिस्थितीत तीन हजार किलोमीटरांवरूनही ऐकू आल्याची नोंद आहे.

वादाचा पहिला ठळक प्रसंग ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफवर घडला, आणि तो सर्वेक्षणाचा नसून खाणीचा होता. १९६७ मध्ये एलिसन रीफ येथील चुनखडी शेतीच्या खतासाठी काढण्याची परवानगी मागण्यात आली. ही भित्ती ‘मृत’ आहे, तेव्हा ती खणण्यात कोणाचे काही जात नाही, असा युक्तिवाद होता. तिच्या रक्षणासाठी पुढे आलेल्यांत चित्रकार जॉन बस्ट आणि कवयित्री ज्युडिथ राइट हे प्रमुख होते. पाणबुड्या स्वयंसेवकांनी तळाशी जाऊन जिवंत प्रवाळांच्या व माशांच्या जातींची मोजदाद केली आणि अर्ज नामंजूर झाला. त्यानंतर तेलाच्या शोधाचा प्रश्न उभा राहिला. १९७० मध्ये चौकशी आयोग नेमले गेले, १९७४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९७५ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाचा कायदा झाला. या सर्व घडामोडींच्या मुळाशी ‘मृत’ या एका विशेषणाची तपासणी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा प्रसंग स्कॉट रीफचा. ब्रूमच्या उत्तरेस सुमारे ४२५ किलोमीटरांवर असलेल्या या भित्तीखाली वायूचा साठा आहे. तेथे २००७ मध्ये त्रिमितीय भूकंपीय सर्वेक्षण झाले आणि त्याच वेळी शास्त्रज्ञांनी प्रवाळांचे निरीक्षण केले. सर्वेक्षणानंतर लगेच आणि पुढे चार महिन्यांपर्यंत पाहूनही प्रवाळांचे मरण, सांगाड्यांची मोडतोड किंवा मृदू ऊतींची इजा दिसली नाही. माशांच्या जाती व संख्या यांतही मोजता येईल असा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष नाकारण्याचे कारण नाही. एअरगनमुळे प्रवाळभित्ती कोसळते असे जे कधीकधी आवेशाने सांगितले जाते, त्यास या निरीक्षणाचा आधार मिळत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु येथे काय मोजले गेले? मोजली गेली ती उभी असलेली, पूर्ण वाढलेली वसाहत. प्रवाळाचे आयुष्य तेवढेच नाही. ग्रेट बॅरिअर रीफवरील अनेक जातींचे प्रवाळ वर्षातील मोजक्याच रात्री एकदम अंडी व रेत पाण्यात सोडतात, हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जगापुढे आणले. त्यांतून निपजणारे डिंभ काही काळ प्लवकांबरोबर तरंगत असतात. भित्तीच्या आवाजाकडे हे डिंभ वळतात, असे क्युरासाओ येथील प्रयोगावरून २०१० मध्ये दिसून आले. पुढे २०१७ मध्ये टास्मानियाजवळच्या समुद्रात एकच एअरगन उडविली असता मृत प्राणिप्लवकांचे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढल्याचे आढळले, आणि हा परिणाम १.२ किलोमीटरपर्यंत, म्हणजे नमुने घेतलेल्या सर्वांत दूरच्या ठिकाणापर्यंत, जाणवला. प्रवाहांमुळे ही तूट लवकर भरून येत असावी, असे गणिती प्रतिमानांवर आधारलेल्या एका अभ्यासाने सुचविले आहे. तो प्रयोग प्रवाळाच्या डिंभांवर केलेला नव्हता, हेही खरे. तरीपण ‘हानी’ या शब्दात अंकुराचा समावेश करावयाचा की केवळ खड्याचा, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

तिसरा प्रसंग बेलीझचा. तेथील भित्ती १९९६ मध्ये जागतिक वारसा ठरली आणि २००९ मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिच्या परिसरात भूकंपीय सर्वेक्षणास परवानगी मिळाल्याचे कळताच लोकांनी आवाज उठविला. हे सर्वेक्षणच आहे, उत्खनन नव्हे, असे समर्थन अशा वेळी नेहमी केले जाते. पण ज्या देशातील पुष्कळांची उपजीविका मासेमारीवर व पर्यटनावर चालते, त्यांना सर्वेक्षण हे उत्खननाचे पहिले पाऊल वाटले, यात नवल नाही. सर्वेक्षण थांबविण्यात आले. डिसेंबर २०१७ मध्ये सागरी हद्दीतील तेलशोधावर कायद्याने स्थगिती आली आणि जून २०१८ मध्ये भित्तीचे नाव धोक्याच्या यादीतून वगळले गेले.

या तीन प्रसंगांवरून एवढे म्हणता येते, की कोणत्याही मोजमापाच्या आधी शब्दाचा अर्थ ठरलेला असतो आणि जे त्या अर्थात बसत नाही ते मोजले जात नाही. एलिसन रीफवर ‘मृत’, स्कॉट रीफवर ‘हानी’ आणि बेलीझमध्ये ‘सर्वेक्षण’ या शब्दाची व्याप्ती निर्णायक ठरली. मालवणच्या किनाऱ्याशी आणि आंग्रियांचे नाव धारण करणाऱ्या आपल्या अरबी समुद्रातील उथळ्यावरही प्रवाळ आहेत, आणि याच समुद्रात १९७४ मध्ये मुंबई हायचे तेल सापडले. तेव्हा ‘प्रवाल’ या शब्दाचा विस्मृतीत गेलेला पहिला अर्थ पुन्हा ध्यानात घेणे, हे आपल्या दृष्टीने केवळ भाषाशास्त्राचे काम राहात नाही.