प्रांताचें नांव आणि प्रांताचा संघ

जून 2025 मध्यें मुंबईस अंधेरी येथें रग्बीची एक व्यावसायिक स्पर्धा प्रथमच भरली. तींतील सहा संघांपैकीं पांचांनीं शहरांचीं नांवें घेतलीं होतीं व एकानें कलिंग या प्राचीन देशाचें; प्रत्येकांत परदेशी खेळाडूही होते. अजिंक्यपद चेन्नईनें मिळविलें. पण नुसतें नांव धारण केल्यानें संघ त्या प्रदेशाचा होतो काय, हा प्रश्न आम्हांस जयापजयाहून महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचें उत्तर शोधण्यास आयर्लंडांत जावें लागतें.

चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें, परंतु तो पुढें फेकावयाचा मात्र नाहीं, असा हा खेळ. अल्स्टर व लेन्स्टर या आयरिश प्रांतांचा पहिला सामना 1875 सालीं झाला. पुढें 1922 च्या सुमारास देशाची फाळणी होऊन अल्स्टरचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, तीन स्वतंत्र आयर्लंडांत गेले. तथापि रग्बीचा अल्स्टर संघ नऊ परगण्यांचाच राहिला! मन्स्टर प्रांतानें तर 31 ऑक्टोबर 1978 रोजीं लिमरिक येथें न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघास 12-0 असें नमविलें. खुद्द आयर्लंडच्या राष्ट्रीय संघास तसा विजय 2016 पर्यंत लाभला नव्हता.

2001 सालीं आयर्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील संघांची ‘केल्टिक लीग’ सुरू झाली. वेल्समध्यें क्लब पुष्कळ, पण रग्बीपुरता प्रांत एकही नाहीं. तेव्हां 2003 मध्यें तेथील चालकांनीं नऊ क्लबांच्या जागीं पांच ‘प्रदेश’ निर्माण केले. पाँटिप्रिड व ब्रिजेंड या जुन्या प्रतिस्पर्ध्यांस एकत्र जोडून बनविलेला ‘केल्टिक वॉरियर्स’ हा संघ अवघ्या एका हंगामानंतर, 2004 सालीं, विसर्जित झाला. पैशाची अडचण होतीच. परंतु समितीच्या ठरावानें लोकांची प्रीति उत्पन्न होत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आम्हां अर्जुनी मोरगांवकरांस हें समजावयास कठीण नाहीं. आमचा मुलूख पूर्वीं मध्यप्रांत व वऱ्हाडांत होता. 1950 मध्यें तो मध्यप्रदेशांत, 1956 मध्यें मुंबई राज्यांत, 1960 मध्यें महाराष्ट्रांत आला. 1999 मध्यें भंडारा जिल्हा सुटून गोंदिया जिल्हा लागला. इतकें होऊनही झाडीपट्टी हें नांव आम्हांस सुटलें नाहीं. क्रिकेटपुरते मात्र आम्ही विदर्भाचे. 1957 पासून रणजी करंडकासाठीं झगडणाऱ्या या संघाची गणना दीर्घकाळ दुबळ्यांतच होई. 1 जानेवारी 2018 रोजीं इंदूरास दिल्लीचा पाडाव करून त्यानें तो करंडक प्रथम जिंकला. विदर्भ नांवाचें राज्य तेव्हांही नव्हतें, आजही नाहीं.