ऐकणाऱ्याला बोलू देणारा रेडिओ

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात एक प्रतापगड आहे. साताऱ्याचा नव्हे, झाडीपट्टीतला. इथं महादेवाचं देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नावाने ओळखला जाणारा दर्गाही आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत दोन्हीकडे गर्दी होते. या भागात गोंड, ढिवर, दलित, मुस्लिम अशा अनेक समाजांची वस्ती आहे. कुणाच्या घरात गोंडी, कुणाच्या झाडीबोली, तर कुणाच्या हिंदी-उर्दू बोलली जाते. सरकारी परिपत्रक मात्र कार्यालयीन मराठीत येतं. तलावाचा ठेका असो की वनहक्काचा दावा, ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला निर्णय शेवटी कळतो.

सरकार बोलतं आणि रयत ऐकते, हा रिवाज उलटा करण्याचा एक प्रयोग मराठी गावांतच झाला होता. १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोता मंडळं उभी केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकरी एकत्र बसून शेती आणि गावाच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला पाठवत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं मिळत.

या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूरथ यांनी केलं. हा समाजशास्त्रज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेला होता. माणसांचा आवाज दाबला की काय होतं, हे त्याने भोगलं होतं. त्याचा निष्कर्ष आजही विचार करायला लावणारा आहे. मंडळं असलेल्या गावांत माहिती तर वाढलीच, शिवाय काही ठिकाणी ही मंडळं निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा वेगाने कामं मार्गी लावू लागली. योजना पुढे देशभर नेली गेली, पण पहिल्या प्रयोगातली जान टिकली नाही. रेडिओ सरकारचाच राहिला.

ही मक्तेदारी कायद्याच्या पातळीवर मोडली ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निवाडा दिला. तरीही २००२ च्या धोरणात परवाने फक्त शिक्षणसंस्थांना मिळाले. सामाजिक संस्थांना दार उघडायला २००६ उजाडलं. १५ ऑक्टोबर २००८ रोजी तेलंगणातल्या झहीराबादजवळ दलित स्त्रियांचा ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. उद्घाटनाला न्यायमूर्ती सावंतच होते. शेतमजुरी करणाऱ्या बायका आपल्याच बोलीत बियाणं, आजार, मजुरी यावर बोलू लागल्या. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झालं.

प्रतापगडाला जवळचं उदाहरण छत्तीसगडचं आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’वर साध्या मोबाईलवरून गोंडीतही तक्रार नोंदवता येऊ लागली. हातपंप बंद आहे, मजुरी थकली आहे, असा निरोप सोडायचा आणि संबंधित अधिकाऱ्याचा नंबर सांगायचा. मग ऐकणारे त्या अधिकाऱ्याला फोन करत. कित्येक कामं एवढ्यानेच झाली.

अडचणी आहेतच. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. पण पाणी, वीज, आरोग्य, प्रवेश, हवामान यांची स्थानिक माहिती देता येते. किमान तीन वर्षं जुनी, नोंदणीकृत, ना-नफा संस्था अर्ज करू शकते. शंभर वॅटचा मनोरा दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर सांभाळतो. म्हणजे प्रतापगड आणि आसपासची बरीच गावं त्याच्या आवाक्यात येतात.

आपल्या समाजाविषयी खूप बोललं जातं, आपल्याशी फार कमी. ढिवरांची आणि गोंडांची तक्रारही हीच आहे. मग वेगवेगळी गाऱ्हाणी घेऊन वेगवेगळ्या दारांत का उभं राहावं? यात्रेला एका वाटेने येणारी माणसं एका माईकसमोरही बसू शकतात. रेशन कार्डातून नाव का गळलं, हे मोहल्ल्यातली खाला विचारेल. तलाव कुणाला दिला, हे ढिवर भाऊ विचारेल. उत्तर द्यायला ग्रामसेवकाला त्याच माईकसमोर यावं लागेल. सत्तर वर्षांपूर्वी दीडशे गावांनी हे करून दाखवलं आहे.