यागीची कुळकथा

ब्रह्माघाट, दुर्गाघाट या काशीतल्या जुन्या मराठी वस्तीत गच्च्यांची मालकी माकडांची, माणसं पोटभाडेकरू. गंगाकाठच्या इंटरनेटच्या ऑप्टिकल फायबर केबली त्यांनी कुरतडल्याची बातमी २०१५ साली जगभर गाजली. अशा गच्चीवर हौशी रेडिओवाल्याने, म्हणजे हॅमने, घरच्या घरी कोणती अँटेना उभारावी? माझं मत यागीला, पण टेपच्या.

यागी म्हणजे आडव्या दांडीवर ओळीने बसवलेल्या काड्या. कूळ जपानी. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी खपून प्रयोग केले, १९२६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांचा इंग्रजी निबंध १९२८ साली आला आणि नाव यागींचं पडलं. विद्यापीठांत असं चालतंच म्हणा! खुद्द जपानी लष्कराने मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. १९४२मध्ये सिंगापूर जिंकल्यावर ब्रिटिश रडारच्या टिपणांत ‘यागी’ शब्द सापडला, तो काय म्हणून त्यांनी युद्धकैद्याला विचारलं. उत्तर मिळालं, तुमच्याच प्राध्यापकाचं नाव.

उदा १९५५ ते १९५८ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तज्ज्ञ म्हणून होते. पुढे दूरदर्शनमुळे हीच अँटेना आपल्या गच्च्यांवर चढली.

ॲल्युमिनियमच्या नळीला माकड लोंबकळलं की ती वाकली ती वाकलीच. झाडाझुडपांतून छुपा ट्रान्समीटर हुडकणाऱ्या हॅम मंडळींनी यावर तोड काढली: सुताराची इंचभर रुंद पोलादी टेप. दोन मीटर बँडसाठी मागे १०५ सेंटिमीटरचा तुकडा, मध्ये ४५-४५चे दोन, पुढे ८९चा. मधल्या दोघांत बोटभर फट. तिथे पॉलिश पेपरने पिवळा रंग खरवडून लख्ख पोलाद काढायचं, मगच डाग धरतो. फटीवर तारेचा छोटा यू आणि कोॲक्स केबल. दांडी पीव्हीसी पाइपची. मागची लांब काडी लहर पुढे परतवते, पुढची आखूड तिला दिशा देते. केबल फक्त मधलीलाच. धक्का बसला तर टेप दुमडते आणि टक्कन सरळ होते.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक डोक्यावरून जाताना हिचं तोंड तिकडे फिरवा आणि १४५.८०० मेगाहर्ट्झ लावून ऐका. अंतराळवीर हॅम रेडिओवर बोलत असले तर आवाज येतो. स्वतः बोलायचं असेल, तर आधी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना काढा.