उपासमारीचा वारसा

१/४ लठ्ठ मूल म्हणजे खात्यापित्या घरचे, असा आपला समज. इतिहास मात्र लठ्ठपणाचे एक मूळ उपासमारीत दाखवतो.

२/४ १९४४-४५ चा हिवाळा. नाझी सत्तेने पश्चिम नेदरलँड्सची अन्नवाहतूक रोखली. शहरांतील शिधा माणशी दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली घसरला.

३/४ पुढे लष्करभरतीत तपासलेल्या १९ वर्षांच्या सुमारे ३ लाख तरुणांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. १९७६ चा निष्कर्ष: गर्भावस्थेच्या पूर्वार्धात उपासमार सोसलेल्यांत लठ्ठपणा अधिक, अखेरच्या तिमाहीत सोसलेल्यांत कमी.

४/४ पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना आढळले, की तेथील नवजात बाळे ब्रिटिश बाळांहून हलकी, पण त्या मानाने मेद अधिक. मधुमेहाची बीजे इथेच. म्हणून प्रतिबंधाचा विचार मुलाच्या डब्याआधी आईच्या ताटापाशी सुरू व्हावा.