पडण्याची कैफियत

ज्या वाहनाला पुढे हँडल नाही आणि मागे तोल सावरण्यास दुसरे चाक नाही, ते पाहताच प्रेक्षकाच्या मनात जो पहिला विचार उमटतो तो त्यावर बसण्याचा नसून त्यावरून पडण्याचा असतो. आणि एकचाकी सायकलीचे मूळ शोधू गेल्यास आपण खरोखरच एका पतनापाशी जाऊन पोहोचतो.

1870 साली कव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल' नावाच्या सायकलीची सनद घेतली, आणि त्यानंतरची सुमारे 15 वर्षे इंग्लंडच्या रस्त्यांवर उंच चाकाच्या सायकलीचा अंमल होता. पेडले थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेली असल्यामुळे चाक जितके मोठे तितका वेग अधिक, असा तिचा सरळ हिशेब होता. म्हणून चाक 50 ते 60 इंचांपर्यंत वाढत गेले आणि स्वाराच्या पायाची लांबी हीच काय ती त्याची मर्यादा उरली. स्वार जवळजवळ आसाच्या माथ्यावरच बसे; साहजिकच एखादा धोंडा किंवा खाचखळगा चाकाला आडवा आला, की सारे यंत्र आसाभोवती फिरे आणि हँडलाखाली मांड्या अडकलेला तो मनुष्य डोके पुढे करून भूमीवर आदळे. या पडण्याला इंग्रज स्वार 'हेडर' म्हणत. उपजत वृत्तीने पुढे झालेल्या हातांची मनगटे मोडत. आणि ज्यांचे हात वेळेवर पुढे येत नसत, त्यांच्या मस्तकावर व मानेवर जो प्रसंग ओढवे, तो प्राणावरही बेतत असे.

यावर ज्या तजविजी निघाल्या, त्या मला फार बोलक्या वाटतात. उतारावर दोन्ही पाय हँडलावरून पुढे सोडून बसावे, म्हणजे उलटलेच तर पायांवर उतरता येईल, अशी चाल पडली. व्हॉटन यांच्या नावाचे हँडल तर मांड्यांच्या मागून वळवून आणलेले असे, जेणेकरून पडताना पाय मोकळे राहावेत. काहींनी डोक्यावर सोला हॅट चढवली. ती आघाताने फुटे, पण फुटता फुटता थोडा आघात स्वतः सोसून घेई. अखेर जेम्सचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 1885 मध्ये 'रोव्हर' ही साखळीची, जवळजवळ सारख्या चाकांची सायकल आणली, स्वाराला दोन चाकांच्या मध्ये व भूमीच्या जवळ बसवले, आणि 'हेडर'चे कारणच बहुतांशी दूर केले.

परंतु त्याच उंच सायकलीवर, मागचे चिमुकले चाक वर उचलले जात असताना, काही कुशल स्वारांना क्षणभर एकाच चाकावर तोल धरता येतो असे आढळले, आणि मग मागचा सांगाडा काढून टाकून एकचाकी निर्माण झाली, असे मानले जाते. ज्या हँडलात पाय अडकून मनुष्य डोक्यावर पडे, ते हँडलच येथे नाहीसे झाले! दिसायला अधिक भयंकर असलेले हे वाहन त्या एका बाबतीत अधिक दयाळू ठरले; कारण पुढे तोल गेला तर बैठक मागे सुटते आणि स्वार बहुधा धावत धावत स्वतःच्या पायांवर उतरतो. मागे तोल गेला तर मात्र माकडहाड आणि मनगट यांची खैर नसते.

महाराष्ट्रात विष्णुपंत छत्रे यांनी 1880 च्या सुमारास सर्कस उभी केली तो काळ विलायतेत उंच चाकाच्या वैभवाचा होता. पुढे भारतीय सर्कशीतून एकचाकी सायकल आपल्या लोकांना परिचित झाली. रिंगणातील कलावंताच्या झगमगीत पोषाखात संरक्षक साधनांना जागा नसे, त्याचे सारे चिलखत त्याच्या अभ्यासात असे. आणि मला त्या अनाम कलावंतांविषयी, ज्यांच्या दुखापतींची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, मनापासून आदर वाटतो.

1982 मध्ये आंतरराष्ट्रीय एकचाकी महासंघ स्थापन झाला, शर्यतींचा जाबता ठरला, आणि धावपट्टीवरील शर्यतीत बूट, गुडघ्यांची कवचे व हातमोजे अनिवार्य झाले. हा हुकूम नुसत्या कल्पनेतून निघालेला नाही. वेगात पाय निसटला तर प्रथम भूमीला लागतात ते गुडघे आणि तळहात. पुढे कॅनडातील क्रिस होल्म यांच्यासारख्या स्वारांनी डोंगरवाटा धरल्या, तेव्हा बुटाची पकड सुटू नये म्हणून पेडलांवर बसवलेले धातूचे खिळेच नडग्यांचे शत्रू बनले, आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोहोचणारी कवचे वापरात आली.

शिरस्त्राणाची वाट मोटारसायकलीवरून आली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टी. ई. लॉरेन्स यांचा 1935 मध्ये मोटारसायकलच्या अपघातानंतर अंत झाला, त्यांच्या उपचारांत सहभागी असलेले शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी त्यानंतर मस्तकाच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला आणि 1941 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सायकलस्वारांना मात्र 1975 च्या 'बेल बायकर' या शिरस्त्राणापर्यंत थांबावे लागले. त्याच्या कठीण कवचाखाली थर्माकोलच्या जातीचा फेस असे. आघात होताच तो चेपतो, पुन्हा फुगत नाही, आणि म्हणून एकदा जोराने आपटलेले शिरस्त्राण, वरून कितीही अखंड दिसले तरी, स्वार पुन्हा डोक्यावर घालत नाहीत.