विक्रमी रस्त्याचे वय

अकोल्याहून अमरावतीला मुशायऱ्यासाठी मी कित्येक वर्षे एसटीने ये-जा केली. महामार्गाचे काम रखडलेले. मूर्तिजापूर येईपर्यंत गझलेच्या वहीवर धुळीचा थर बसायचा. म्हणूनच जून २०२२ मधल्या त्या पाच दिवसांचे मला आजही अप्रूप वाटते.

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झाले आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता थांबले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक मार्गिका अखंड डांबरली गेली. ७२० माणसे राबली. ३६,६३४ टन मिश्रण लागले, त्यात डांबर २,०७० टन. आधीचा गिनीज विक्रम कतारचा, २०१९ सालचा. तिथे २५ किलोमीटरला दहा दिवस लागले होते.

पण हा विक्रम रस्ता अंथरण्याचा. तो टिकण्याचा निकाल पाच दिवसांत कसा लागणार?

डांबरही म्हातारे होते. उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांनी ते कडक होते, मग तडकते. चिक्कीचा पाक जास्त शिजला की कसा ठिसूळ होतो, तसेच. आणि हे म्हातारपण रस्त्यावर येण्याआधीच सुरू होते, कारण नेहमीच्या पद्धतीत मिश्रण १५० ते १६० अंशांपर्यंत तापवतात. प्रयोगशाळेत हेच घडवून पाहतात. फिरत्या बाटल्यांत डांबराचा पातळ थर १६३ अंशांवर ८५ मिनिटे तापवायचा, मग दाबाच्या भांड्यात सुमारे १०० अंशांवर २० तास ठेवायचा. रस्त्यावरची काही वर्षे अशी एका दिवसात उलटतात.

यावर १९९०च्या दशकात युरोपात उपाय निघाला, कोमट मिश्रणाचा. डांबरात फेस, मेण किंवा रसायन वापरून ते २० ते ४० अंश कमी तापमानावर खडीशी मिसळायचे. इंधन वाचते, धूर कमी होतो, डांबर कमी करपते. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूत्रे काढली. मात्र कमी तापलेल्या खडीत ओल राहिली, तर पावसाळ्यात डांबर तिला सोडते. म्हणून भिजवलेला आणि कोरडा असे दोन्ही नमुने तोडून पाहतात. भिजलेल्याची ताकद कोरड्याच्या ८० टक्के तरी हवी.

आपल्या वऱ्हाडात या दोन्ही परीक्षा निसर्गच घेतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपार, आणि पाऊस पडला की काळी माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इथला रस्ता गरम मिश्रणाचा असो की कोमट, त्याला ऊनही सोसायचे आहे आणि पाणीही.

मुशायऱ्यात दाद लगेच मिळते. शेर टिकला की नाही, हे वीस वर्षांनी कळते. रस्त्याचेही तसेच. अंथरल्याच्या तारखेइतकीच पहिली भेग पडल्याची तारीखही कुणीतरी नोंदवून ठेवायला हवी. खरा इतिहास त्या नोंदीतच सापडेल.